वाळवंटातील बिया आणि दाणेखाऊ पक्षी: संख्या नेमकी कशाने ठरते?

जैसलमेरच्या परिसरात एका हिवाळ्यात डोंबाऱ्या, चंडोल आणि पखुर्ड्या या जमिनीवर दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांचे मोठे थवे दिसले आणि पुढच्याच हिवाळ्यात त्याच जागी शुकशुकाट होता. तेव्हा बिया कमी पडल्यामुळे हे पक्षी मेले असे समजावे का, आणि आपण दाणे घातले तर त्यांची संख्या वाढेल का, असा आपला प्रश्न आहे. वाळवंटातील दाणेखाऊ पक्ष्यांची संख्या अन्नाशी घट्ट बांधलेली असते हे खरे, पण ती गाठ वर्षातल्या काही महिन्यांतच आवळली जाते. जमिनीत असलेल्या सगळ्या बिया पक्ष्याच्या उपयोगाच्या नसतात, आणि दिसेनासा झालेला पक्षी बहुतेक वेळा मेलेला नसून दुसरीकडे गेलेला असतो. या तीन गोष्टी वेगळ्या केल्याशिवाय आपल्या प्रश्नाचे नीट उत्तर देता येणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी बियांचा हिशोब पाहू. थरच्या वाळवंटात वर्षाचा बहुतेक पाऊस जुलै ते सप्टेंबर या काळात पडतो आणि जैसलमेरकडे तो सरासरीने 150 ते 200 मि.मी.च्या आसपास असतो. तेवढ्या पावसावर सेवण, धामण, भुरट यांसारखी गवते आणि असंख्य वर्षायू तणे वाढतात, फुलोऱ्यावर येतात आणि पावसाळा ओसरता ओसरता बी टाकतात. एखाद्या मावठाचा अपवाद सोडला तर त्यानंतर पुढच्या पावसापर्यंत नवे बी फारसे तयार होत नाही. म्हणजे ऑक्टोबरमध्ये जमिनीवर पडलेला साठा पुढचे आठ-नऊ महिने पुरवायचा असतो आणि त्या साठ्यावर पक्ष्यांइतकाच मुंग्यांचा, उंदरांचा आणि जर्बिल या वाळवंटी उंदरांचाही डल्ला असतो. भुरटाचे काटेरी बोंड फोडून आतला दाणा काढणे किती जिकिरीचे असते हे राजस्थानातल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे, कारण दुष्काळात माणसांनीही हाच दाणा दळून खाल्लेला आहे. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी वाळवंटात माणूस आणि पक्षी एकाच कोठाराच्या दारात उभे असतात.

पाऊस, बी आणि पक्षी यांचे नाते सर्वांत बारकाईने तपासले गेले ते अमेरिकेच्या आग्नेय ॲरिझोनात. तिथेही उन्हाळी मोसमी पाऊस जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो आणि त्यावर गवताचे बी धरते. हिवाळ्यात उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशांतून आणि डोंगराळ भागांतून तिथे अनेक जातींच्या अमेरिकन चिमण्या उतरतात. या चिमण्या आपल्या घरचिमणीच्या नव्हेत, आपल्याकडच्या भारीट पक्ष्यांच्या जवळच्या नात्यातल्या आहेत. रॉन पुलियम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात दाखवले की या पक्ष्यांची हिवाळ्यातली गुजराण मुख्यतः आधीच्या उन्हाळी पावसाने दिलेल्या बियांवर होते. पुढे 1982 साली डनिंग आणि जेम्स ब्राउन यांनी नाताळच्या सुमारास दरवर्षी होणाऱ्या पक्षिगणनेच्या नोंदी पावसाच्या आकड्यांशेजारी मांडल्या आणि ज्या वर्षी उन्हाळी पाऊस चांगला झाला त्या वर्षी हिवाळ्यात चिमण्यांची घनताही जास्त असल्याचे त्यांना आढळले. मला या अभ्यासाचे मोल विशेष वाटते, कारण तो हौशी पक्षिनिरीक्षकांनी वर्षानुवर्षे चिकाटीने लिहून ठेवलेल्या नोंदींवर उभा आहे. अशी सलग मालिका हाताशी असेल तर थरमध्येही हाच प्रश्न विचारता येईल.

मात्र त्या संबंधाचा अर्थ लावताना एक सावधगिरी बाळगायला हवी. बी भरपूर असलेल्या वर्षी पक्षी किती येतील हे त्या वाळवंटातल्या बियांवर ठरत नाही. ते हजारो किलोमीटर उत्तरेला त्यांची वीण कशी झाली, किती पिल्ले जगली आणि वाटेत किती टिकली यावर ठरते. अशा वर्षी निम्मे बी तसेच पडून राहिले तरी पक्षी वाढत नाहीत. अन्नाची मर्यादा खऱ्या अर्थाने लागू होते ती वाईट वर्षी आणि त्यातही हिवाळ्याच्या उत्तरार्धात. त्यामुळे चार चांगल्या वर्षांची आकडेवारी घेऊन "बिया आणि पक्षी यांचा संबंध नाही" असा निष्कर्ष काढणे जितके चुकीचे, तितकेच एका दुष्काळी वर्षावरून "सगळे काही बियांवरच ठरते" असे म्हणणेही चुकीचे आहे.

आता एक असा मुद्दा, जो क्षेत्रकार्यात नव्याने उतरलेल्यांच्या हमखास नजरेतून सुटतो. वाळवंटात अन्नाचा सर्वांत मोठा तुटवडा पाऊस पडल्यानंतर लगेच येतो. जमीन ओली झाली की इतके दिवस कोरडे पडलेले बी एकदम रुजते आणि जो दाणा काल खाता येत होता तो आज कोंब होऊन उभा राहतो. नवे बी तयार व्हायला अजून कित्येक आठवडे असतात आणि जुना साठा तर आधीच तळाला गेलेला असतो. आफ्रिकेत सहाराच्या दक्षिणेकडील कोरड्या पट्ट्यात राहणारा लाल चोचीचा क्वेलिया हा जगातला सर्वांत मोठ्या संख्येचा वन्य पक्षी मानला जातो. पीटर वॉर्ड यांनी नायजेरियात केलेल्या अभ्यासातून असे पुढे आले की पहिल्या पावसाने बी रुजले की हे पक्षी त्याआधी अंगावर चढवलेल्या चरबीच्या बळावर पावसाच्या पट्ट्यावरून पलीकडे उडून जातात. तिकडे पाऊस काही आठवडे आधीच सुरू झालेला असतो आणि नवे बी धरू लागलेले असते. म्हणून हिरवेगार झालेले माळ पाहून पक्ष्यांची चंगळ झाली असे आपण मानतो तेव्हा नेमके उलट घडत असण्याची शक्यता मोठी असते. जुलैच्या त्या दोन-तीन आठवड्यांत थरमध्ये दाणेखाऊ पक्षी काय खातात याकडे आपल्याकडच्या अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यावे असे मला मनापासून वाटते.

जमिनीत बी आहे म्हणजे पक्ष्याला अन्न आहे, हे दुसरे गृहीतकही तपासून पाहायला हवे. वाळवंटी मातीत एका चौरस मीटरमध्ये हजारो बिया सापडणे नवलाचे नाही. त्यांतल्या बहुतेक वरच्या दोन-एक सेंटिमीटरच्या थरात असतात. पण त्या सारख्या पसरलेल्या नसतात, झुडपाच्या बुंध्याशी, खळग्यांत, वाऱ्याने साचलेल्या पाचोळ्याखाली त्यांचे ढीग असतात आणि मधली उघडी जमीन जवळपास रिकामी असते. आता पंधरा-एक ग्रॅम वजनाच्या लहान पक्ष्याचे गणित पाहा. त्याला दिवसाला साधारण 3 ग्रॅम कोरडे बी लागते असे धरू. बी 1 मिलिग्रॅमचे असेल तर त्याला दिवसभरात 3,000 बिया टिपायला हव्यात. हिवाळ्यातला दिवस 10 तासांचा धरला तर दर 12 सेकंदांना एक बी, तेही न थांबता, ससाण्याकडे मान वर करून पाहण्यासाठी वेळ न काढता, पाण्यावर न जाता. बी अर्ध्या मिलिग्रॅमचे निघाले तर हाच वेग दर 6 सेकंदांना एक असा होतो. म्हणजे बियांची घनता एका पातळीखाली गेली की पक्ष्याच्या दृष्टीने ती जागा संपली, मग तिथे अजून शेकडो बिया शिल्लक का असेनात. पक्षी जागा सोडतो तो बी संपल्यामुळे क्वचितच. बी सापडण्याचा वेग त्याच्या गरजेपेक्षा कमी झाला की तो उठतो.

शिवाय सगळे बी खाण्याजोगे नसते. अर्जेंटिनातील मेंडोसा प्रांतात न्याकुन्यान हे राखीव क्षेत्र आहे, तिथल्या मॉन्टे वाळवंटात लुईस मारोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे हे काम केले. मातीत रुंद पानांच्या तणांचे बी विपुल असतानाही तिथले पक्षी मुख्यतः गवताचेच बी खातात असे त्यांना दिसले. म्हणजे मातीचा नमुना चाळून सगळ्या बियांची बेरीज केली तर अन्नाचा अंदाज कितीतरी पटींनी फुगतो. गुरांच्या चराईने गवत कमी झाले आणि तणे वाढली तर बेरीज तशीच दिसेल, कदाचित वाढलेलीही दिसेल, पण पक्ष्याचे ताट रिकामे झालेले असेल. थरमध्ये सेवणाची कुरणे जिथे नांगराखाली गेली किंवा अतिचराईने उजाड झाली तिथे नेमके हेच घडले असावे असे मला वाटते आणि ते पडताळून पाहणे अवघड नाही.

वाळवंटात बी खाणारे केवळ पक्षी नसतात, हे वर ओझरते आलेच आहे. जेम्स ब्राउन यांनी 1977 साली ॲरिझोनातील पोर्टल गावाजवळ कुंपण घातलेल्या 24 तुकड्यांवर एक प्रयोग सुरू केला. काही तुकड्यांतून उंदीर वगळले, काहींतून मुंग्या, काही तुकडे जसेच्या तसे ठेवले. कांगारू उंदरांना वगळलेल्या तुकड्यांत पक्ष्यांना जास्त बी मिळेल आणि तिथे त्यांची वर्दळ वाढेल, अशी कोणाचीही पहिली अपेक्षा असेल. प्रत्यक्षात काही वर्षांनी त्या तुकड्यांत उंच गवत आणि पाचोळा माजला, उघडी जमीन झाकली गेली आणि जमिनीवर दाणे टिपणारे पक्षी तिथे कमी येऊ लागले. उंदीर बी खात होते हे खरेच, पण ते माती उकरून, वाटा पाडून, गवत कुरतडून जमीन उघडी ठेवत होते आणि त्या उघड्या जमिनीवरच पक्ष्याला बी दिसते. प्रतिस्पर्धी काढून टाकला की दुसऱ्याचा फायदा होतो हे सरळ गणित परिसंस्थेत नेहमी चालत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पक्षी मरतात की जातात, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे, म्हणून त्यावर जरा थांबतो. जिथे जायला जागाच नाही तिथे बियांचा तुटवडा सरळ मृत्यूत उतरतो. गॅलापागोस द्वीपसमूहातील डॅफ्ने मेजर हे जेमतेम 34 हेक्टरांचे रखरखीत बेट आहे. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे दांपत्य 1973 पासून तिथल्या फिंच पक्ष्यांचा अभ्यास करत होते. 1977 साली पाऊस जवळपास आलाच नाही. आधी लहान आणि मऊ बिया संपल्या, मग उरले ते मुख्यतः सराट्याच्या जातीचे कठीण, काटेरी फळ; आपल्या माळावर पायात रुततो त्याच सराट्याचा हा भाऊबंद. मध्यम आकाराच्या भूफिंचची संख्या सुमारे 1,200 वरून 200 च्या आत आली. जगले ते मुख्यतः मोठ्या आणि जाड चोचीचे, कारण ते फळ फोडण्याची ताकद त्यांच्याच चोचीत होती, आणि पुढच्या पिढीच्या सरासरी चोचीतही तो फरक उतरला. अन्नाची टंचाई संख्या कमी करते आणि कोण उरणार हेही ठरवते, याचा इतका थेट पुरावा निसर्गात फार थोड्या ठिकाणी मिळाला आहे.

याउलट जिथे शेकडो किलोमीटर मोकळे पडलेले आहेत तिथे पक्षी पाय काढून घेतो. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात पाऊस कधी आणि कुठे पडेल याचा नेम नसतो. तिथले बजरीगर आणि झेब्रा फिंच पावसाच्या मागावर भटकतात आणि गवताचे बी धरू लागले की लगेच विणीला लागतात. झेब्रा फिंच आपल्या पिल्लांना अर्धे पिकलेले मऊ बी भरवतो आणि पिल्ले अडीच-तीन महिन्यांत स्वतः जोडी जमवण्याइतकी मोठी होतात, म्हणून सलग दोन चांगल्या पावसांत त्यांची संख्या झपाट्याने फुगते. थरमधल्या डोंबाऱ्या आणि बरेचसे चंडोल यांची गोष्ट वेगळी आहे. स्वतः दाणे खात असले तरी पिल्लांना ते किडे भरवतात, त्यामुळे त्यांच्या विणीला पावसानंतरच्या किड्यांची गरज असते आणि विणीनंतर जगण्याला बियांची. एखाद्या वर्षी किडे मुबलक झाले पण सप्टेंबरात पाऊस तुटल्यामुळे गवत बी न धरताच वाळले, तर पिल्ले पुष्कळ निघतात आणि हिवाळ्यात कमी उरतात. पखुर्डी या दोन्हींहून निराळी: तिची पिल्ले पहिल्या दिवसांपासून स्वतः बी टिपतात, पण एका विणीत अंडी साधारण तीनच, म्हणून चांगल्या वर्षाचा लाभ तिला झेब्रा फिंचसारखा झटपट उठवता येत नाही.

पखुर्डीवरून पाण्याचा विषय निघतोच. वाळलेल्या बीमध्ये ओलावा फार थोडा असतो, दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून निव्वळ कोरड्या दाण्यावर जगणाऱ्या बहुतेक पक्ष्यांना पाणवठा लागतोच. पखुर्ड्या रोज मैलोन्मैल उडून ठरलेल्या वेळी पाण्यावर येतात आणि नर पोटाची पिसे भिजवून पिल्लांसाठी पाणी घेऊन जातात. पाण्यापासून फार दूर असलेले बी कितीही असले तरी त्यांच्या हिशोबात धरता येत नाही. उलट नवा पाणवठा झाला की तोवर पडीक असलेले बी अचानक खाण्याच्या टप्प्यात येते. एखाद्या जागी पखुर्ड्या वाढल्या तर आधी बी वाढले का हे न पाहता पाणी वाढले का हे पाहावे.

थरचे चित्र माणसाच्या हाताने किती बदलले आहे हेही लक्षात घ्यायला हवे. इंदिरा गांधी कालव्याने कोरड्या भागात बारमाही पाणी आणि पिके नेली. कापणीनंतर शेतात सांडलेला बाजरीचा आणि गव्हाचा दाणा होले, कबुतरे, चिमण्या यांच्या पथ्यावर पडतो, पण सेवणाच्या उघड्या कुरणावर जगणाऱ्या पक्ष्यांना त्या बदल्यात जमीन गमवावी लागते. एकूण दाणा वाढला आणि वाळवंटी पक्षी घटले, असे एकाच वेळी घडू शकते. फलोदीजवळच्या खीचन गावात लोक कित्येक दशके कांड्या करकोच्यांना रोज धान्य घालत आले आहेत आणि हिवाळ्यात तिथे हजारोंनी करकोचे उतरतात. गावकऱ्यांची ती माया मी फार मोठी मानतो. 2025 साली खीचनला रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले याचा मला आनंद आहे. पण अभ्यासक म्हणून हेही सांगायला हवे की खीचनचा दाणा करकोच्यांना एका जागी गोळा करतो. त्यांची जगातली एकूण संख्या मध्य आशियातल्या आणि मंगोलियातल्या विणीच्या गवताळ प्रदेशांशीही बांधलेली आहे आणि एकाच जागी एवढी गर्दी झाली की साथीचा रोग किंवा विजेच्या तारांवरची धडक यांचा धोकाही एकवटतो.

म्हणून आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर असे: दाणे घालून त्या जागचे पक्षी वाढतील, जातीची संख्या वाढेलच असे नाही, आणि येतील तेही बहुतांशी होले, मोर आणि चिमण्या असतील. डोंबारी किंवा चंडोल यांच्यासाठी काही करायचेच असेल तर गावाच्या ओरणातला (देवाच्या नावाने राखलेल्या रानातला) किंवा गायरानातला एखादा तुकडा ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात चराईपासून राखावा, म्हणजे गवताला बी टाकायला उसंत मिळेल. बी पडल्यानंतर तिथे गुरे सोडायला हरकत नाही, उलट त्यांच्या वावराने जमीन उघडी राहते. विलायती बाभूळ अशा तुकड्यात शिरू देऊ नये. ही गोष्ट पोतेभर दाण्यांपेक्षा स्वस्त आहे आणि माझ्या मते कितीतरी अधिक उपयोगी आहे.

महाराष्ट्रात हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर उतरणारे काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे भारीट यांनाही हाच विचार लागू पडतो. ते पश्चिम आणि मध्य आशियातून येतात, त्यामुळे सोलापूर-नगरकडे ते कमी दिसले तर एका वर्षाच्या नोंदीवरून ज्वारीचे घटते क्षेत्र, तिकडची वीण आणि वाटेवरचा पाऊस यांपैकी कारण कोणते हे सांगता येत नाही.

आपल्याला जैसलमेरकडच्या त्या जागेचा छडा लावायचा असेल तर मी काम पुढीलप्रमाणे आखेन. वर्षातून एकदा हिवाळ्यात मोजण्याऐवजी ऑक्टोबर, जानेवारी, एप्रिल-मे आणि पहिल्या पावसानंतरचे पंधरा दिवस अशा चार वेळी त्याच ठरलेल्या रेषांवरून चालत पक्षी मोजावेत. प्रत्येक वेळी झुडपाखालून आणि उघड्या जमिनीवरून वेगवेगळे मातीचे नमुने घ्यावेत, वरची दोन सेंटिमीटर माती खरवडून, बारीक चाळणीतून काढून. गवताचे बी आणि इतर बी वेगळे मोजावे आणि प्रत्येक बी चिमट्याने दाबून भरीव आहे की पोकळ हे पाहावे, कारण मुंग्यांनी किंवा किडीने पोखरलेली टरफले बेरजेत शिरली की सगळा हिशोब बिघडतो. सर्वांत जवळच्या पाणवठ्याचे अंतर आणि आदल्या पावसाळ्यातला महिनावार पाऊस दर वेळी लिहून ठेवावा. आणि पक्षी नाहीसे झाले असे वाटेल त्या वर्षी शंभर-दीडशे किलोमीटरवर, जिथे पाऊस बरा झाला असेल अशा दोन-तीन जागी त्याच आठवड्यात मोजणी करावी. ते तिथे सापडले तर निदान त्यांच्यापुरते उत्तर स्थलांतराचे आहे. कुठेच सापडले नाहीत आणि ऑक्टोबरच्या नमुन्यांतच गवताचे बी नगण्य होते असे दिसले, तर मृत्यूची किंवा फसलेल्या विणीची शंका घ्यायला आधार मिळतो. मग पुढच्या वर्षी पावसानंतरच्या थव्यांत नव्या पिल्लांचे प्रमाण किती आहे ते पाहून या दोहोंतला फरक ओळखता येईल.